हातावर वाजवलेला पियानो

मेहरुन मॅडम अनोळखी पियानोशी आधी गप्पा मारतात, अशी आमच्या क्लासमध्ये अफवा होती. म्हणे त्या त्याला स्वतःचं नाव सांगतात, तब्येत विचारतात आणि त्याची परवानगी मिळाली तरच स्टुलावर बसतात.

खरं एवढंच, की नव्या पियानोची पट्टी त्या इतकी हळू दाबतात की आवाज येतच नाही. ती कुठवर सैल जाते, कुठे अडते, किती जोर मागते हे बघतात आणि पुटपुटतात, "इथे... अजून थोडं... हां." म्हणजे बोलतात खऱ्या, पण पियानोशी नाही, स्वतःच्या बोटांशी.

त्याला कारणही होतं. कोंढव्याला त्यांच्या घरी पियानो नाही, कीबोर्ड आहे. त्यावर बोट टेकलं की तो बोलतो. आमचा क्लास चालतो त्या शाळेतल्या जुन्या पियानोच्या पट्ट्या तर पिकल्या केळ्यासारख्या मऊ. अशी लाडावलेली बोटं घेऊन मॅडम मागच्या वर्षी डिप्लोमाच्या परीक्षेला कॅम्पातल्या एका हॉलमध्ये गेल्या, आणि तिथला पियानो निघाला घट्ट. पहिल्या पानावरचे निम्मे सूर वाजलेच नाहीत. पुढचं सगळं छान वाजवूनही त्या नापास झाल्या.

यंदा त्या पुन्हा बसल्या. शाळेनं सांगून टाकलं होतं, डिप्लोमा नसेल तर वरच्या ग्रेडची मुलं धायरीच्या एका सरांकडे जातील. वरच्या ग्रेडची मुलं म्हणजे मी, जैनब आणि आमच्यासारखी आणखी काही. आम्हाला कुठेही जायचं नव्हतं.

परीक्षेला हॉल तोच होता, पण पियानो बदललेला. म्हणजे मागच्या वर्षीची ओळखही फुकट. आत गेल्यावर दोन-चार सूर वाजवून बघायला मिळतात, तेवढंच. आमच्या ग्रेडच्या परीक्षा त्याच दिवशी मॅडमच्या आधी होत्या. माझी सकाळीच उरकली होती, पण घाबरून मी काय वाजवलं तेच मला आठवत नव्हतं. पियानो कसा आहे ते मी काय सांगणार?

दाराशी सोनबाकाका शिपाई बसले होते. मी दाराला कान लावला.

"कान काढ. दाराला रंग दिलाय," ते म्हणाले.

"ओला आहे?"

"न्हाई. पन दिलाय."

तेवढ्यात लहान ग्रेडचा अनंत बोटं झटकत बाहेर आला. त्याच्याआधी मीच बाकावर बसलेल्या मॅडमना बातमी दिली, "मॅडम, हा पियानो खालच्या सुरांत घोरतो आणि वर गेला की शिंकतो." आणि घोरून, शिंकून दाखवलं.

मॅडम हसल्या. "बेटा, आवाज मलाही ऐकू येतोय. वजन कुठे ऐकू येतं?"

त्यांनी बाही वर केली आणि हात बाकावर आडवा ठेवला. "अनंत, वाजव. आत जेवढा जोर लावलास तेवढाच."

अनंतनं त्यांच्या हातावर आपलं गाणं वाजवलं.

"शाळेत एवढा लावत नाहीस तू."

"इथे नाही लावला तर वाजतच नाही, मॅडम."

मग जैनब बाहेर आली. तिला दुसरा हात मिळाला. "वरच्या पट्ट्या त्यातल्या त्यात हलक्या आहेत," ती दाबता दाबता म्हणाली.

"परीक्षा हाय का मालिश?" सोनबाकाकांनी विचारलं.

हे हात मॅडमनीच घडवलेले. कोण शाळेत किती दाबतं हे त्यांना पाठ, त्यामुळे इथे किती जास्त दाबावं लागतंय ते त्यांना बरोब्बर कळत होतं. आता त्या तेवढ्याच जोरानं स्वतःच्या गुडघ्यावर बोटं रोवायला लागल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांना जरा चिडवावं म्हणून मी म्हटलं, "हातावरून पियानो कळतो होय? पहिल्या ओळीत एक तरी सूर बुडेल."

"पैज?"

"पैज. बुडाला तर तुम्ही सगळ्या क्लाससमोर माझी नक्कल करायची."

"आणि नाही बुडाला तर तू माझी. पाठीमागे करतेस तीच, तोंडावर."

त्यांना ते ठाऊक आहे हे मला तेव्हा कळलं.

मॅडम आत गेल्या. मी पुन्हा दाराला कान लावला. या वेळी सोनबाकाकांनी उठून पंखा बंद केला. आधी दोन-चार सुटे सूर आले, आणि मग पहिली ओळ. एकेक सूर ठणठणीत, जागच्या जागी. जैनबनं माझं मनगट आवळून धरलं होतं. पान उलटल्याचा आवाज आला तेव्हा तिनं ते सोडलं.

निकाल लागला. मॅडम पास. धायरीच्या सरांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. त्याच आठवड्यात मला क्लाससमोर उभं केलं. मॅडम पहिल्या बाकावर बसल्या, परीक्षकासारख्या. मी ओढणी सारखी केली, चष्मा नाकावर ओढल्यासारखं केलं आणि त्यांच्या आवाजात म्हटलं, "अनंतराव, ही बोटं आहेत की भेंडी?"

क्लासमध्ये हशा पिकला. अनंत तर बाकाखाली गेला. मॅडम डोळे पुसत हसल्या आणि मग चष्मा चढवून म्हणाल्या, "आनंदी, भेंडी नाही, मी गवार म्हणते. आणि आवाज अजून खाली. पैज नीट फेड. पुन्हा पहिल्यापासून."