चाचांची खानेसुमारी

आमच्या शेजारच्या चाचांइतका भांडकुदळ माणूस सातही अमिरातींत सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो चाचांशी भांडायलाच आलेला असेल. चाचा रत्नागिरीकडचे. उभा जन्म जहाजांवर स्वयंपाकी म्हणून काढला आणि म्हातारपणी दुबईत अल कुसैसला मुलाकडे आले. एकदा त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी पॅसिफिकमधल्या वानुआतू नावाच्या बेटांच्या देशात महिनाभर अडकलं होतं. बाकीच्या खलाशांनी तिथून शंखशिंपले आणले, चाचांनी लोकसंख्या आणली. "अख्खा देश तीन लाखांच्या आसपास. त्यातली निम्मी पोरं. आनि भाषा शंभराच्या वर," हे ते लिफ्टमध्ये ऐकवत, न्हाव्याकडे ऐकवत, जुम्म्याच्या नमाजानंतर चपला शोधताशोधताही ऐकवत. वरच्या मजल्यावरच्या मॅनेजरसाहेबांनी एकदा त्यांची समजूत घालायला घेतली. "चाचा, हिंदी सगळ्यांना समजते, करिअर इंग्लिशवर होतं. तुमची कोकणी आता खलास, हबीबी." चाचा म्हणाले, "तितं बेटांवर पन सगल्यांना समजनारी एक भाषा हाय. ती बाजारात. घरात ज्याची त्याची. तुमच्या थ्री बीएचकेत दोन मावत नाय?" साहेब आठवडाभर जिन्याने ये-जा करत होते.

वानुआतूच्या बंदरावरच्या एका म्हाताऱ्याला म्हणे त्याची भाषा बोलणारी सगळी माणसं नावानिशी पाठ होती. ते चाचांच्या मनाने घेतलं. दर रमजान ईदेला शीरखुर्म्याचं पातेलं आणि एक वही घेऊन ते इमारतभर फिरत आणि आपली कोकणी बोलणाऱ्यांची नोंद करत. मागच्या ईदेला आकडा चाचांसकट अकरा होता. मी सांगलीचा, म्हणून मला 'पाहुणे' या सदरात टाकलेलं, आणि हा अपमान मी अजून विसरलेलो नाही. वहीत नाव यायची अट एकच, त्या भाषेत भांडता आलं पाहिजे. "ग्वाड ग्वाड काय, पोपट पन बोलतो," असं चाचांचं म्हणणं.

त्या अकरांत त्यांची सख्खी नात नव्हती. सोळा वर्षांची, इथेच वाढलेली. चाचा मुद्दाम तिच्या खोड्या काढत, चार्जर लपवत, मैत्रिणींना नावं ठेवत. ती आजोबांना "दादा, यू आर सो अनॉयिंग," म्हणून दार लावून घेई. "इंग्लिशमधलं भांडन मी धरत नाय," असं त्या बंद दाराला सांगून चाचा माझ्याकडे चहाला येत. एकदा मात्र कप खाली ठेवून म्हणाले, "ल्योक माझा भांडतच नाय. मी गेलो की या घरात शून्य." मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

पुढे गावी त्यांची बहीण एकटी पडली आणि चाचांनी कायमचं परतायचं ठरवलं. नातीला सांगायचा धीर मात्र या भांडकुदळाला झाला नाही. जायच्या दिवशी मी त्यांच्या बॅगेवर बसून चेन ओढत होतो, तेवढ्यात ती शाळेतून आली.

"खोटारडे हाव तुमी," ती दारातूनच ओरडली. "मना बोल्लाव कुटं जानार नाय. आनि ही बॅग? मी कोनाशी भांडू आता? पासपोर्ट देनार नाय मी. यल्ला, बगते कसं जाताव."

 चाचांनी मला बॅगेवरून उठवलं, तळाशी गेलेली वही काढली आणि तिचं नाव लिहिलं. वही त्यांनी तिच्याच हातात दिली. पासपोर्ट तिने संध्याकाळी आणून दिला.

यंदाच्या ईदेला दार वाजलं. पातेलं घेऊन नात उभी, काखेत वही.

"अंकल, तुम्ही अजून पाहुणेच," ती म्हणाली.

मी आकडा विचारला. "बारा."

"अगं, चाचा गावी गेले. अकरा झाले."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरलो. "दादांचं नाव मी खोडनार नाय. रोज फोनवर भांडतात."

मी मुकाट्याने वाटी पुढे केली. शीरखुर्म्यात साखर जरा कमीच होती. चाचा असते तर मी तोंडावर सांगितलं असतं.