पाठवलेला माणूस

साळवे पाळकांच्या पिशवीत बायबलाशेजारी दाढीचं सामान असे. भोरच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे ते पाळक. मी तिथे पेटी वाजवतो. दर गुरुवारी नसरापूरला एसटी बदलून ते विंझरला जात. तिथल्या रघुनाथदादांचं अर्धं अंग लुळं पडलेलं. पाळक आधी त्यांची दाढी करत, मग प्रार्थना. "देवानं दिलेलं तोंड झाडीत कशाला ठेवायचं?" म्हणत गालाला साबण फासत. दादा हसले की ओरडत, "हलू नका, रक्त निघंल!"

कधी मीही सोबत जायचो. परतताना ते सांगत, "आजाऱ्याकडं जाताना वचन थोडं न्यावं, वेळ जास्त."

मग पुण्याच्या एका मोठ्या मेळाव्यात त्यांच्या डोक्यावर तेल ओतून त्यांना 'प्रेषित' म्हणून जाहीर केलं. येशूनं जगात पाठवलेल्या शिष्यांचं हे नाव. हल्ली पुष्कळ मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्यालाही देतात. पाळक आधी संकोचले. पण आम्हीच हौसेनं चौकात फ्लेक्स लावला. भोरला प्रेषित मिळाला होता! हळूहळू त्यांनाही ते नाव आवडू लागलं. न्यायला गाडी येई, व्यासपीठावर उंच खुर्ची असे. गुरुवार सुटला. विंझरला ते मोबाईलवरून प्रार्थना करू लागले. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आता देवाची हाक मोठी आहे रे."

रघुनाथदादा गेले तेव्हा पाळक बाहेरगावच्या सभेत बोलत होते. सुमनमावशींनी, म्हणजे दादांच्या पत्नीनं, फोन केला. पाळकांचा मोबाईल एका स्वयंसेवकाकडे होता. "प्रेषित सभेत आहेत, नंतर करा," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. वाट बघून शेवटी शेजारच्या शेतकऱ्यांनीच बांधाला कबरीचा खड्डा खणला. त्यांतल्या एकानं मावशींना विचारलं, "तुमच्यात काय म्हनत्यात?" मावशींनी एकट्यानं प्रभूची प्रार्थना म्हटली. बाकीचे टोप्या काढून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी पाळकांबरोबर विंझरला गेलो. मावशी रागावल्या नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. पाळकांनी विचारलं, "माझी आठवण काढली का त्यांनी?"

"काढली की. शेजारचं पोरगं दाढी कराया बसलं तर हात झटकायचे. म्हनायचे, गुरवारी पाळक येत्यात."

पाळकांची मान खाली गेली ती वर झाली नाही. "चुकलं माझं," ते म्हणाले. तांब्या तसाच राहिला. मलाही कुठं बघावं कळेना. फ्लेक्सच्या दोऱ्या मीच बांधल्या होत्या.

रविवारी ते उपदेशाला उभे राहिले. म्हणाले, "प्रेषित म्हणजे पाठवलेला. मला विंझरला पाठवलं होतं. मी गेलो नाही. आजपासून मला ते नाव लावू नका."

मंडळीत कुजबुज झाली. आमच्यातले एक वडीलधारे उठले. "पाळक, असं कसं? आजच्या मंडळीला प्रेषित लागतातच. शास्त्रात आहे."

"लागतात," पाळक म्हणाले. "म्हणूनच लाज वाटते."

गाडी बंद झाली, एसटी सुरू झाली. भाटघर, वरवे, वेल्ह्याच्या वाड्या, जिथं कुणी आजारी असेल तिथं ते जात. पण पूर्वीसारखे हसत नसत. विंझरला गेले की आधी बांधावर थांबत, मग घरात शिरत.

गेल्या वर्षी ते वारले. पुण्याहून मोठी माणसं आली. त्यांनी गौरवाची भाषणं केली, पाळकांनी सोडलेलं 'प्रेषित' हे नाव पुन्हा पुन्हा घेतलं. आम्ही खाली बघत ऐकलं. मग सुमनमावशींना कुणीतरी बोला म्हटलं. त्या पदर सावरून उभ्या राहिल्या.

"एकदा आले न्हाईत पाळक," त्या म्हणाल्या. "पन चुकलं म्हनाया सोता आले. दुसऱ्या कुनाला पाठवलं न्हाई."