साडभाऊचा तहसीलदार

आमच्या साडभाऊवर आजवर कोणालाही रागावता आलेलं नाही, आणि माझा त्याच्यावरचा मुख्य राग हाच आहे. साडभाऊ म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. तिकडे पुण्याकडे त्याला साडू म्हणतात आणि लग्नकार्यात भेटला तर नमस्कार करून मोकळे होतात. मला तशी सोय नव्हती, कारण हा गृहस्थ माझा साडभाऊ व्हायच्या कितीतरी आधीपासून माझा प्रतिस्पर्धी होता. भीमपूरच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे, तेलुगू मुलखाच्या कडेला आमचं गाव. तिथे आमचं किराण्याचं दुकान आणि त्याचं घर समोरासमोर. शाळेत बाक एकच. मी पाढा बिनचूक म्हणायचो आणि गुरुजी म्हणायचे, आवाज जरा मोठा काढ. तो मध्येच अडकायचा, गोड हसायचा, आणि राहिलेला पाढा गुरुजी स्वतःच म्हणून टाकायचे. एस.टी.चंही तेच. मी पिशवी घेऊन धावत सुटलो की गाडी हलते. तो तोंडात निंबाची काडी घेऊन, वाटेत दोघांची विचारपूस करत येतो, आणि कंडक्टर दारात उभा राहून त्याची वाट बघतो. वर त्याला खिडकीची जागा मिळते.

पुढे तो बाजारहत्नूरला बैल बघायला गेला आणि सोयरीक जमवून परत आला. बैल राहूनच गेला. दुसऱ्या वर्षी वडीलधाऱ्यांनी बराच खल करून, पत्रिका बघून माझं लग्न ठरवलं ते त्याच घरातल्या धाकट्या मुलीशी. मी त्याच्यापेक्षा वयानं मोठा, पण त्या दिवसापासून तो मोठे जवाई झाला आणि मी लहाने. सासुरवाडीच्या अंगणात मला त्याला 'तुमी' म्हणावं लागतं. तो मात्र मला गावातही, भर चौकात, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, 'काहो लहाने' अशीच हाक मारतो. सासूबाई मटणातली नळी नेहमी मोठ्या जवायाच्या ताटात वाढतात. ती त्यानं मुकाट्यानं चोखून खाल्ली असती तर माझी काही तक्रार नव्हती, निदान रीतसर जळता तरी आलं असतं. पण तो ती उचलून सगळ्यांसमोर माझ्या ताटात ठेवतो, आणि सासूबाई पदर डोळ्यांना लावून म्हणतात, मन किती मोठं आहे बघा. त्या नळीला मग कसली चव राहणार.

त्याच्या घरात प्रत्येक जनावराला सरकारी नाव असे. एका बैलाचं नाव पटवारी, कारण तो बांधावरून चालताना दोन्हीकडचं खायचा. दारातल्या कुत्रीचं नाव दरखास्त, म्हणजे अर्ज. ती दिवसभर उंबऱ्याशी बसून असायची आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नसे. आणि एडक्याचं, म्हणजे मेंढ्याचं, नाव तहसीलदार. हा एडका कोणतीही गोष्ट तातडीनं करत नसे. हाक मारली तर आधी विचार करायचा, मग मान वळवायचा, मग पुन्हा विचार करायचा. एकदा पिकाच्या पाहणीसाठी खुद्द तहसीलदार साहेब कचेरीच्या जीपमधून गावात आले होते. साहेब अंगणात पाऊल ठेवतात न ठेवतात तोच आतून माझी मेव्हणी ओरडली, "अहो, तहसीलदारानं आपली सारी तूर खाल्ली, बांधा त्याले." माझ्या घरी हे झालं असतं तर मला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या. साडभाऊनं साहेबांना गोठ्यात नेलं, एडक्यासमोर हात जोडले आणि दोघांची ओळख करून दिली. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, चहा घेतला आणि जाताना त्या एडक्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून गेले.

आमच्या लढतींचा इतिहास जुना आहे. लहानपणी पावसाळ्यात आम्ही शिंगवाले काळे भुंगे पकडून परातीत सोडायचो. माझा भुंगा कडेला जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. नंतर ओढ्यातले खेकडे झाले. माझ्या खेकड्याला मी दोन दिवस भाताची शितं चारली होती, आणि लढतीला सोडल्याबरोबर तो तिरका तिरका चालत सरळ पाण्यात निघून गेला. मग कोंबडे. त्याविषयी मी काही लिहीत नाही, फक्त एवढंच सांगतो की माझा कोंबडा अजून सापडलेला नाही. दर वेळी तो जिंकायचा आणि जिंकल्यावर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "तुयाबी चांगला होता बे." हरण्यापेक्षा तो हात मला जड वाटायचा.

म्हणून जत्रेतल्या एडक्यांच्या टकरीसाठी मी सुलतान नावाचा एडका पाळला, तेव्हा माझा निश्चय कडक होता. शिवरात्रीच्या जत्रेत आजूबाजूच्या गावांतले एडके येतात. दोन्ही एडके मागे न्यायचे आणि सोडायचे. ते धावत येऊन डोक्याला डोकं भिडवतात. जो टक्कर घ्यायला पुढे यायचं नाकारतो, तो हरला. शेवटपर्यंत टिकेल त्याला पितळेचा मोठा गुंड बक्षीस, पाणी भरून ठेवायचा. तो गुंड जत्रेच्या आधी देवळासमोर पाटावर मांडून ठेवतात, आणि ऊन पडलं की तो असा चमकतो की माणसाला दुसरं काही सुचत नाही. सुलतानला मी सकाळी भिजवलेले हरभरे द्यायचो, संध्याकाळी अंडं, थंडीत तिळाचं तेल आणि बदाम. पहाटे त्याच्यासोबत भीमपूरच्या रस्त्यानं धावायचो. बायको म्हणाली की हे बदाम कोणाच्या पोटात जाऊन राह्यले ते पोरांनाबी कळू द्या. मी लक्ष दिलं नाही.

समोर तहसीलदाराची तयारी काय? शिळी ज्वारीची भाकर खायची आणि बाजेखालच्या सावलीत झोपायचं. बाजेवर साडभाऊ झोपलेला असायचा. दोघांचं घोरणं एका लयीत चालायचं. संध्याकाळी मात्र साडभाऊ आमच्याकडे यायचा. दुकानात गिऱ्हाईक असलं की मागच्या अंगणात जाऊन सुलतानपाशी बसायचा. माझी बायको त्याला चहा नेऊन द्यायची, 'भाऊजी, भाऊजी' करत हसायची. माझी पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची. दुकानात साखर मोजता मोजता मला ते हसणं ऐकू यायचं, आणि माझ्या मापाचा तोल जायचा. मला वाटायचं, हा माझ्या एडक्याचा अंदाज घ्यायला येतो. बिचारा घाबरला असेल, असं वाटून जरा बरंही वाटायचं.

जत्रेत त्या वर्षी चांगले एडके आले होते. सुलताननं एकेकाला असा हाणला की माइकवरचा माणूस तेलुगू आणि मराठी दोन्ही भाषांत त्याचं कौतुक करून थकला. तहसीलदारही जिंकत होता, पण त्याच्या पद्धतीनं. समोरचा एडका धावत यायचा, हा जागच्या जागी उभा राहून शेवटच्या क्षणी डोकं खाली करायचा, आणि समोरच्याला आपण भिंतीला धडकलो असं वाटून तो निघून जायचा. ऊन उतरता उतरता मैदानात दोघंच उरले. एका बाजूला माझा सुलतान, दुसऱ्या बाजूला त्याचा तहसीलदार. गावातली, सासुरवाडीची सगळी माणसं दोरीला टेकून उभी होती. सासूबाईही होत्या. त्या कोणाच्या बाजूनं आहेत, हे मी बघायचं टाळलं.

पहिली टक्कर बरोबरीत सुटली. दुसऱ्या टकरीला आवाज असा झाला की देवळावरची कबुतरं उडाली, आणि तहसीलदार मागे सरकला. तिसऱ्या टकरीला तो पुढच्या गुडघ्यांवर आला. तो उठला, पण त्याची मान हलत होती. मला आयुष्यात प्रथमच साडभाऊ उभा राहिलेला दिसला. एरवी तो लढत सुरू असताना बसून असतो. भुंगे, खेकडे, कोंबडे, नळ्या, एस.टी.च्या खिडक्या, सगळ्यांची भरपाई आता एका टकरीवर आली होती. मी सुलतानला मागे घेतलं आणि त्याच्या कानात सांगितलं, एकच.

सुलताननं मान खाली घातली, पाय रोवले, धावला, आणि अर्ध्या मैदानात थांबला. त्यानं नाक वर केलं. मग तहसीलदाराला वळसा घालून, लग्नात ओळखीचा माणूस दिसल्यावर आपण जातो तसा, तो थेट साडभाऊकडे गेला आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात तोंड घातलं. लोक हसले. पंचांनी मला एडका परत आणायला सांगितलं. मी आणला, पुन्हा सोडला, आणि तो पुन्हा तिकडेच गेला. या वेळी खिशातून गुळाचा खडा काढून त्यानं तो तिथेच, भर मैदानात, डोळे मिटून खाल्ला. पंचांनी हात वर केला. टक्कर नाकारली, सुलतान हरला.

मी साडभाऊला लोकांसमोर विचारलं की हे कधीपासून चाललं आहे. तो गोंधळला.

"मी रोज येतो तवा देतो ना त्याले," तो म्हणाला. "तू नाई देत?"

मी हरभरे दिले होते, अंडी दिली होती, बदाम दिले होते. गूळ मी दिला नव्हता. गुळानं अंग सुटतं.

तो एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तो पंचांकडे गेला आणि माझ्या बाजूनं भांडायला लागला. त्याचं म्हणणं, आपला एडका गुडघ्यावर आला होता, डोळे फिरले होते, खरा जिंकला तो सुलतान. पंच म्हणाले, नियम तो नियम. तेव्हा तो म्हणाला, मी दूर जाऊन उभा राहतो, पुन्हा सोडा. पंच त्यालाही तयार झाले. नाही म्हणालो तो मी. त्याच्या मेहरबानीनं जिंकणं मला नळीसारखंच लागलं असतं. मी सुलतानला घेऊन निघालो. मागून टाळ्या वाजल्या, त्या त्याला होत्या, आणि त्यात सासूबाईंच्या बांगड्यांचाही आवाज मला ओळखू आला.

तो गुंड मी पुढे रोज बघायचो. साडभाऊनं तो गोठ्यात ठेवला आणि तहसीलदार त्यातून पाणी प्यायला लागला. मी कित्येक महिने त्याच्याशी बोललो नाही. अडचण अशी की हे त्याच्या लक्षात आलं नाही. तो येत राहिला, बोलत राहिला, सुलतानला गूळ देत राहिला. मी गप्प बसलो की म्हणायचा, "लहाने आज थकून राह्यले वाटते," आणि माझ्या बायकोला मला आल्याचा चहा द्यायला सांगायचा.

मग त्याच्या मुलाला बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत नोकरी लागली. राहायला क्वार्टर मिळालं. सून दोन जिवांची, घरात मोठं माणूस हवं, म्हणून नवराबायको तिकडे निघाले. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलं. जायच्या सकाळी तो तहसीलदाराची दोरी धरून आमच्या दारात आला. क्वार्टरात एडका कुठे बांधणार, असं म्हणाला. मी म्हणालो, दे. दोरी माझ्या हातात देताना त्यानं काही सूचना केल्या नाहीत. एडक्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग तोच हात माझ्या पाठीवरूनही फिरवला, आणि एस.टी. थांबली होती तिकडे सावकाश चालत गेला.

यंदाच्या जत्रेत सुलतान जिंकला. त्याला तोडीचं कोणी नव्हतंच. तहसीलदाराला मी उतरवला नाही. त्याचा मालक इथे नाही. पंचांनी गुंड माझ्या हातात दिला तेव्हा टाळ्या बऱ्यापैकी वाजल्या. मी इकडेतिकडे बघत होतो. कोणी खांद्यावर हात टाकला नाही. घरी आल्यावर बायकोनं गुंड घासला, भरला, आणि म्हणाली, झालं ना मनासारखं? मी हो म्हणालो.

साडभाऊचा संध्याकाळी फोन येतो. आधी मला तहसीलदाराच्या कानाला फोन लावायला लावतो. मी घातलेला चारा तो एडका मान वर न करता खातो, पण तो आवाज आला की कान उभे करतो, आणि सुलतानही खाणं सोडून जवळ येतो. मी दोघांच्या मध्ये फोन धरून उभा राहतो. परवा बोलता बोलता पलीकडून बरीच माणसं हसल्याचा आवाज आला, आणि कोणीतरी तेलुगूत हाक मारली, "बावा, चाय चल्लारुतोंदी." चहा थंड होतोय. तेलुगूत बावा म्हणजे मेव्हणा. मी विचारलं, हा कोण.

"शेजारी हाय," साडभाऊ म्हणाला. "मोठा मजेदार मानूस. त्यानं झुंजीचा कोंबडा पाळला. मीबी एक घ्यावं म्हनतो, त्याच्यासंगं लढवाले."

मी म्हणालो, तू हरशील.

"मंग ये ना तू पाहाले."

जाईन म्हणतो. कापूस घरात आला की लगेच जाईन. हा शेजारी असा कोण लागून गेला आहे, ते एकदा बघून घेतलं पाहिजे.