आईला सांग, बाबांना सांग

अकरावीच्या वार्षिक परीक्षेत अर्थशास्त्राच्या पेपरला मी अर्ध्या तासात उठून बाहेर आले. पेपर येत होता, हीच तर पंचाईत. दोन प्रश्न झाले आणि एकदम वाटलं, आपण इथे बसलोय आणि घरी आई-बाबा दोघंच आहेत. पुढचा प्रश्न वाचवेना. उत्तरपत्रिका बाईंच्या हातात देऊन मी कॉलेजपासून घरापर्यंत जवळजवळ पळत आले. घरी काहीही झालेलं नव्हतं. आई दुपारपाळीचा डबा भरत होती आणि बाबा वर्तमानपत्र वाचत होते.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. आम्ही मुंबईत नाहूरला एका चाळीत राहत होतो. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि आई मुलुंडला औषधांच्या पॅकिंगला जायला लागली होती. त्या वर्षी गणपतीला गावी जायचं ठरलं, तेव्हा आईला रजा मिळाली नाही. आमच्याकडे गणपतीला गावी न जाणं म्हणजे घराण्याशी नातं तोडण्यासारखंच. बाबा एकटे गेले, भावकीसमोर खाली मान घालून बसले, आणि परत आल्यावर आईला नको ते बोलले. आईने त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. मग त्यांनीही टाकलं.

गंमत म्हणजे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आमच्या कोकणी घरांत नवराबायको एकमेकांना नावाने हाक मारत नसत, निम्मं बोलणं पोरांच्या तोंडूनच चालायचं. बाबा म्हणत, "आवशीक सांग, पाणी तापत ठेव." आई म्हणे, "बाबांका सांग, पाणी तापला." शेजारपाजाऱ्यांना आमचं घर इतरांसारखंच वाटे. फक्त मला ठाऊक होतं की इथे दुसरा रस्ताच उरलेला नाही.

आणि मी निरोप जसेच्या तसे नेत नसे. बाबा म्हणाले, "तिका सांग, तिच्या हातचा माका गिळाक नको," की मी स्वयंपाकघरात जाऊन सांगायची, बाबांना उशिरा भूक लागेल. आई म्हणाली, "त्यांना सांग, दिवसभर पडून पंखा झिजवू नका," की मी बाहेर येऊन म्हणायची, आई म्हणते उकडतंय, पंखा मोठा करा. मला त्यात आपण फार हुशार आहोत असं वाटायचं. दसऱ्याला तर मी कमालच केली. आईला सांगितलं, "बाबा म्हणाले, गणपतीचं चुकलं माझं." आईने त्या दिवशी कुणी न सांगता बाबांच्या आवडीच्या आंबोळ्या केल्या. मग मात्र मला बसवेना. घरात पाय टिकेना, बाहेर जीव टिकेना. नखं कुरतडून बोटं लाल झाली. मी नसताना ही दोघं समोरासमोर आली तर सगळं उघडं पडेल, एवढंच डोक्यात घोळायचं.

पेपर सोडल्यावर कॉलेजातल्या एका मॅडमनी मला मुलुंडच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्या बसत. आईने चाळीत सांगून टाकलं की पोरीच्या डोळ्यांना त्रास आहे. महिनाभर शेजारची मावशी मला विचारत होती, चष्मा कधी लागणार गं.

बाईंनी औषध दिलं नाही की उपदेश केला नाही, याचाच मला राग आला. मी बोलायची, त्या ऐकायच्या. तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, "तासभर तू आई काय म्हणते आणि बाबा काय म्हणतात ते सांगतेस. तुझं काय?" मी म्हटलं, "माझं काय असणार?" त्या गप्प बसल्या. त्या गप्पपणाला कंटाळून मी निरोपांचं सगळं सांगून टाकलं, दसऱ्याचंही. त्यांनी मला खोटारडी म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "हे काम तुला कुणी दिलं?"

मग त्यांनी दोघांना बोलावलं. "माका काय येड लागला?" असं दहादा म्हणून बाबा आले, कारण पोरीचं वर्ष गेलं होतं. बाईंनी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि मला खिडकीजवळ बसवलं. बाबा सवयीने माझ्याकडे वळले, "तिका सांग..." बाई म्हणाल्या, "आज ती सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

बाबा खुर्चीत मागे सरकले. माझे पाय आपोआप हलत होते. शेवटी आई बाईंकडे बघत म्हणाली, "दसऱ्याला चुकलं म्हणायचं आणि नंतर पुन्हा तेच तोंड वाकडं. याला काय अर्थ आहे?"

"मी असा काय म्हणूक नाय," बाबा म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून दाराशी गेले. बाई म्हणाल्या, "बाहेर जायचं तर जा. पण कुणाचं वाक्य दुरुस्त करायला परत येऊ नकोस." मी कडीला हात लावून उभी राहिले. बाबाच माझ्या शेजारून बाहेर पडले आणि जिना उतरून गेले. आई माझ्याकडे बघत "तरीच, हे कसे चुकलं म्हणतील," एवढंच म्हणाली.

पुढचे आठ दिवस घरात खरोखर कुणी कुणाशी बोललं नाही. निरोपही बंद. भांड्यांचे आवाज तेवढे यायचे. मी गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायची आणि मनात बाईंना शिव्या घालायची. पुढच्या भेटीला तोंडावरच म्हटलं, "वाट लावलीत तुम्ही आमच्या घराची." त्या म्हणाल्या, "तू इतके दिवस एकटीने ते उचलून धरलं होतंस. दमली नाहीस?" मला रडू फुटलं. दमले होते. सतरा वर्षांची होते आणि म्हातारीसारखी दमले होते.

त्या रविवारी दुपारी आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. बाबा पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, "गो, आवशीक सांग..."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं आणि गॅलरीत निघून आले. इतका उद्धटपणा मी बाबांशी कधी केला नव्हता. कठडा घट्ट धरून उभी राहिले.

आत भांडण पेटलं. गिरणी, गाव, भावकी, आईची दुपारपाळी, सगळं निघालं. आई ओरडत होती, बाबा ओरडत होते, शेजारच्या मावशीने दार किलकिलं केलं. प्रत्येक वाक्य मला तिथल्या तिथे मऊ करून देता आलं असतं. जीभ शिवशिवत होती. मी गेले नाही.

मग आई म्हणाली, "गणपतीक एकटे गेलास, ता एकट्यान सोसलास. माका ठाव हा. पण माका नको ता बोललास." ताट मांडल्याचा आवाज झाला. आई पुन्हा म्हणाली, "आता जेवूक वाढू काय नको, ता माझ्याकडे बघून सांगा."

आत पाट सरकला. मग बाबांचा आवाज आला.

"वाढ."

मी गॅलरीत खाली बसले आणि रडले. तो शब्द बाबांचा होता, आईसाठी होता, आणि तो माझ्या तोंडून गेला नव्हता.