डोक्यावरचा पदर
भाजलेल्या काजूबियांचा वास आला की मला कोल्हापूरच्या मेडिकल कॉलेजातली गरोदर बायकांची ओपीडी आठवते. मी तेव्हा इंटर्न होते. चंदगडकडची एक सासू सुनेला घेऊन आली होती आणि तिच्या पिशवीला तो खमंग, धुरकट वास होता. "कालपास्नं पोटात हालंना झालंय. मागच्या खेपंला बी असंच झालतं, पोर गेलं की हो," सासू सगळ्या ओपीडीला ऐकू जाईल अशी म्हणाली. सून छताकडे बघत पडून राहिली. मी तिच्या पोटावर गार जेली लावली आणि ठोके ऐकायचं मशीन फिरवू लागले. नुसती खरखर. जागा बदलली, तरी खरखरच. रांगेतल्या बायका माना उंचावून बघू लागल्या आणि मी आणखी जेली ओतली. मग बेंबीच्या डाव्या बाजूला, शर्यतीतली घोडागाडी लांबून दौडत यावी तसे ठोके आले आणि बघता बघता खोली भरून गेली. सुनेला रडू फुटलं. सासूनं मात्र घाईनं पदर डोक्यावर घेतला, दारात कुणी थोर माणूस आल्यावर घेतात तसा, आणि त्या पोटाकडे बघत पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "या पावणं. सावकाश या." आता माझा स्वतःचा दवाखाना आहे, मशीनही भारीतलं आहे, ठोके लगेच सापडतात. पण ते ऐकू आले की अजूनही माझा हात आधी ओढणीकडे जातो.