डॉमनिककाकांचे सहा आठवडे

पळणाऱ्यांचे किस्से पळताना होत नाहीत. पळताना तोंडातून शब्द फुटतो का कुणाच्या! ते साठतात रेस्टच्या दिवशी, आणि यंदाच्या थंडीत आमच्या दार्सैतच्या ग्रुपकडे रेस्टचे दिवस भरपूर होते.

इथे मस्कतमध्ये आरामात पळायला मिळतात जेमतेम चार महिने. बाकीचं वर्ष ऊन घरात कोंडून ठेवतं. जानेवारीत शर्यत झाली आणि आमचे सगळ्यात सीनियर डॉमनिककाका गुडघा दुखावून लंगडत परत आले. काका वसईचे, इथल्या एका हॉटेलात लाँड्री सुपरवायझर, वय अठ्ठावन्न. डॉक्टरीणबाईंनी ठणकावलं, "सहा आठवडे पळणं बंद. पोहा, सायकल चालवा, आराम करा. नाही ऐकलंत तर पळणं कायमचं विसरा!"

काकांना एकटं वाटू नये म्हणून आम्हीही ऑफ-सीझन जाहीर केला. तीन दिवस हळू पळायचं, दोन दिवस दुसरा व्यायाम, दोन दिवस पूर्ण आराम.

"एवढ्या मस्त हवेत आराम?" इक्बालभाई कळवळले. ते रत्नागिरीचे, माबेल्याला अर्बाबचं, म्हणजे ओमानी मालकाचं, टाइल्सचं दुकान सांभाळतात. "अरे, माझा अर्बाबसुद्धा एवढा कडक नाही!"

*

पहिल्याच रेस्टच्या दिवशी इक्बालभाई सापडले. फॅमिलीला घेऊन बीचवर गेले होते म्हणे, पण घड्याळानं ॲपवर सगळं सांगून टाकलं. सहा किलोमीटर!

"मुलाचा बॉल लांब गेला होता, तो आणायला धावलो," भाई म्हणाले.

"सहा किलोमीटर?"

"वारा होता ना!"

*

काका वसईचे असले तरी त्यांना पोहता येत नाही. मग माझ्या बिल्डिंगच्या पूलमध्ये ते कमरेएवढ्या पाण्यात चालायचे. या टोकाकडून त्या टोकाला, मान खाली घालून, फेऱ्या मोजत.

वॉचमन दोन दिवस बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्यानं राहवेना. "साब, कुछ गिर गया क्या?"

"हाँ," काका म्हणाले, "घुटना!"

*

माझंही काही वेगळं नव्हतं. रेस्टच्या सकाळी मी नुसता बाल्कनीत बसलो होतो, तर मुलगी काळजीनं जवळ आली. तिचं मराठी अडखळतच येतं.

"बाबा, तू सिक आहे?"

"नाही गं, आज रेस्ट डे."

"मग तू घरी आहे? फुल मॉर्निंग?"

तिला खरं वाटत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मग आम्ही फुल मॉर्निंग कॅरम खेळलो आणि मी सगळे डाव हरलो.

*

चौथ्या आठवड्यात काकांच्या बायकोचा, फिलोमिनाकाकूंचा फोन आला. "भाऊ, तुम्ही जरा या. हा माणूस किचनमध्ये उभ्या उभ्या पळतोय!"

मी गेलो. काका ओशाळले. "चहा उकळेपर्यंतच रे."

"काका, गुडघा कायमचा जाईल!"

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "भीती वाटते रे. माझे बाबा रिटायर झाल्यावर असेच बसले, ते परत उठलेच नाहीत. माझीही दोनच वर्षं राहिलीत. एकदा थांबायची सवय लागली तर?"

काकूंनी तिघांना चहा दिला आणि आम्ही तो बसून प्यायलो.

*

सहा आठवडे संपले. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, पण फक्त दोन किलोमीटरची.

शुक्रवारी सकाळी काका पुढे, आम्ही मागे. गुडघ्याची तक्रार नाही, पाय छान पडत होते. काका हसत होते. आम्हाला वाटलं, आता हा माणूस कसला ऐकतोय! आमचा नेहमीचा चहावाला समोर दिसायला लागला आणि काकांचं घड्याळ वाजलं. दोन किलोमीटर.

काका जागच्या जागी थांबले.

"यल्ला काका, चला!" इक्बालभाई ओरडले. "चहावाला दोनशे मीटरवर आहे! दुखतंय का?"

"अजिबात नाही."

"मग? ते दोनशे मीटर?"

"असू देत," काका म्हणाले. "उद्या रेस्ट आहे. परवाला राहतील की!"

आणि चालायला लागले.