फुग्याचं औषध आणि माझे फोन

दिवसभर फोन करणाऱ्या माणसाकडे किस्से न मागता जमतात. माझ्याकडे जमले ते अमरावतीच्या आमच्या हॉस्पिटलात. पायाची बंद झालेली नस डॉक्टर फुगा घालून उघडायचे. ती पुन्हा बंद होऊ नये म्हणून फुग्याला औषध लावलेलं असायचं. मग परदेशातून इशारा आला: असा फुगा लावलेल्यांत काही वर्षांनी मृत्यू जास्त दिसतायत, जपून वापरा. डॉक्टर मला म्हणाले, "सगळ्या पेशंटना फोन करून तब्येत विचारा. घाबरवू नका."

ते कसं करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

पहिला फोन अकोल्याच्या एका कापूस व्यापाऱ्याला. "काका, बरे आहात ना?"

"आतापर्यंत होतो. तुमी काहून इचारून राहिल्या?"

एका काकूंनी फोन घेतला आणि आत ओरडल्या, "अवो, दवाखान्यातून इचारून राहिले, तुमी हाये का गेले!"

आतून शांत आवाज आला, "जेवून राहिलो म्हणा."

एक वकीलसाहेब म्हणाले, "धोका आहे की नाही, एका शब्दात सांगा."

"माहीत नाही."

"हे दोन झाले."

एका गृहस्थांनी तर चालणंच सोडलं. चाललं की औषध काळजाकडे चढतं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. त्यांना खुर्चीतून उठवायला आम्हाला दोन महिने लागले. तेव्हा आम्ही हसलो, आता हसू येत नाही.

कारण बाळापूरचे गुलाबराव. उजव्या पायाला औषधाचा फुगा लावला होता, पाय छान बरा झाला होता. माझ्या फोननंतर काही महिन्यांनी डावा दुखायला लागला. डॉक्टरांनी दोन्ही बाजू समजावल्या. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "औषधाचा नको. या बाईनं फोन केला होता."

साधा फुगा लावला. वर्षाच्या आत नस बंद झाली, जखम चिघळली, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. औषधाने तो वाचलाच असता असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी मात्र रोज मनात म्हणते.

पुढे आणखी माहिती जमली आणि तसा धोका दिसत नाही असं जाहीर झालं. पुन्हा सगळ्यांना फोन. गुलाबरावांचा नंबर मी चार दिवस टाळला. शेवटी लावला, अडखळत सगळं सांगितलं, माफी मागितली.

त्यांनी विचारलं, "म्हंजे उजव्या पायात औषध गेलं, त्याचं आता भेव नाई?"

"नाही, काका."

"बरं झालं बाई. तोच तं राह्यला."